कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे

लांब केसांच्या कुत्र्याला आधी आंघोळ घालायची आणि मग विंचरायचं, असं बहुतेक घरांत चालतं. हे उलटं आहे. गुंत्यावर पाणी पडलं की गुंता आवळतो आणि वाळल्यावर त्याचा घट्ट गोळा होतो. त्यात शाम्पू अडकतो, खालची कातडी ओलीच राहते आणि दोन-चार दिवसांत कुत्रं खाजवायला लागतं. म्हणून क्रम असा धरा: आधी कंगवा, मग पाणी, मग नीट वाळवणं. कात्री सगळ्यात शेवटी, आणि तीही लागली तर.

हे सांगणारी मी कात्रीवर पोट भरणारी बाई आहे. नाशिकच्या सिडकोत घरीच ब्लाउज शिवते. आमचा शिट्झू, त्याचं नाव लटकन. कानांवरचे केस ब्लाउजच्या नाडीला लावलेल्या लटकनांसारखे लोंबतात म्हणून. आणला मुलाने. मग मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि कुत्रं केसांसकट माझ्या वाट्याला आलं. माप द्यायला आलेल्या बायका आधी त्यालाच हात लावतात आणि विचारतात, ‘ताई, याला कुठल्या पार्लरला नेता?’ कुठल्याच नाही. रोज दुपारी मशीनवर बसायच्या आधी थोडा वेळ कंगवा, एवढंच.

गुंता का होतो ते कळलं की कंगवा कुठे फिरवायचा ते वेगळं सांगावं लागत नाही. लॅब्राडॉरचा केस गळला की फरशीवर पडतो, सोफ्यावर पडतो, वरणातही सापडतो. शिट्झू किंवा ल्हासा अप्सोचा गळलेला केस बराचसा खाली पडतच नाही. तो शेजारच्या लांब केसांत अडकतो आणि त्यांच्याभोवती गुंडाळला जातो. ‘आमचं कुत्रं केस गाळतच नाही’ असं लोक कौतुकाने सांगतात. ते केस त्याच्या अंगावरच साठत असतात. जिथे अंग अंगाला किंवा पट्ट्याला घासतं तिथे पहिली गाठ पडते. कानांच्या मागे, पुढच्या पायांच्या बगलेत, गळपट्ट्याखाली, मांड्यांच्या आतून, शेपटीच्या मुळाशी. हार्नेस वापरत असाल तर फिरून आल्यावर तो काढून ठेवा. दिवसभर अंगावर राहिला तर छातीवर जट ठरलेली. आणखी एक, साधारण आठव्या-दहाव्या महिन्यापासून पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे यायला लागतात. त्या काळात काल विंचरलेलं आज गुंततं. लोक नेमके तेव्हाच कंटाळून सगळे केस उतरवून टाकतात. थोडा धीर धरला तर पुढे सोपं जातं.

सामान फार नाही. स्टीलचा एक कंगवा घ्या, अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असलेला. यावर पैसे खर्च करा, बाकी कशावर वाचवले तरी चालतील. दुसरा स्लिकर ब्रश, म्हणजे गादीत बारीक वाकड्या तारा बसवलेला. तो दुकानातच आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. ओरखडा उठला तर तो ठेवून द्या, आणि घरी वापरतानाही मनगटाला सोसेल एवढाच दाब द्या. टोकं गोल असलेली छोटी कात्री, कुत्र्याच्या नखांचा कटर आणि पाणी फवारायची बाटली. माझी बाटली इस्त्रीचीच आहे. तिच्यात पाण्याबरोबर कुत्र्याच्या कंडिशनरचे थोडे थेंब टाकते, कारण अगदी कोरडे केस विंचरले की तुटतात आणि हिवाळ्यात त्यांत वीज भरते. फवारा हलकासा मारायचा, भिजवायचं नाही. भिजवलं की पुन्हा गुंता आवळला.

लटकनला मी कटिंगच्या टेबलावर घेते. खाली बसून केलं तर आधी आपली कंबर बोलायला लागते. टेबलावर रबरी मॅट हवी, पाय घसरले की कुत्रं घाबरतं आणि घाबरलेलं कुत्रं विंचरू देत नाही. एक हात कायम त्याच्या अंगावर. दाराची बेल वाजली तर आधी कुत्रं खाली, मग दार. छोट्या कुत्र्यांचे पाय अशाच उड्यांनी मोडतात.

सुरुवातीला खाऊ देऊन बसवावं लागतं. उकडलेलं रताळं, गाजराचा तुकडा, जरासं पनीर चालतं. द्राक्षं मात्र चुकूनही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकात कुणाकडे द्राक्षांचा क्रेट नाही असं होत नाही. निफाडचा, दिंडोरीचा कुणीतरी पाहुणा घेऊन येतोच, आणि पोरं एखादा मणी कुत्र्याला टाकतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर बाधतील याचा भरवशाचा हिशेब नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं आता मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून चिंचही लांब ठेवा. पोटात गेलं असं कळलं तर उलटी-जुलाबाची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता विंचरणं. वरवर ब्रश फिरवला की कुत्रं फोटोत छान दिसतं आणि बोटं आत घातली की तळाशी गाठी लागतात. खरं विंचरणं असं: कुत्र्याला कुशीवर झोपवा. डाव्या हाताने केस वर धरून ठेवा, इतके की खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे, भांग पाडल्यावर दिसते तशी. त्या रेघेखालची केसांची एक पातळ पट्टी मोकळी सोडा. कंगवा आधी टोकांतून, मग मधून, मग मुळापासून. न अडता गेला की डाव्या हातातून आणखी थोडे केस खाली सोडा, म्हणजे नवी रेघ, नवी पट्टी. पायाकडून सुरुवात करून पाठीकडे चढत जायचं. पाठ शेवटी, कारण पाठीवर गुंता सहसा नसतोच, आणि सगळे ब्रश घेऊन बसतात ते पाठीवरच.

रोज अख्खं कुत्रं विंचरायची गरज नाही. घासणाऱ्या जागा रोज. बाकीचं अंग आळीपाळीने, आज डावी बाजू, उद्या उजवी, परवा पोट आणि शेपूट. ब्रश आधी फिरवला तरी शेवटी दाट दातांचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत गेल्याशिवाय काम झालं असं धरू नका. ब्रश गाठीवरून घसरून जातो, कंगवा थांबतो. थांबला ती जागा पुन्हा करायची.

गाठ सापडली की पहिला हात कात्रीकडे जातो. तो आवरा. कापड कापताना खाली टेबल आहे हे मला माहीत असतं. जटेखाली काय आहे ते दिसत नाही. जट कातडीला वर ओढून घेते, केसांच्या गोळ्यात कातडीची घडी येते, आणि आपण केस समजून तीच कापतो. बगलेतली आणि कानामागची कातडी तर फार पातळ असते, तिथला काप टाके घालण्यापर्यंत जातो. म्हणून गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाका आणि बोटांनी चोळा. केस निसरडे होतात. मग एका हाताने गाठीचं मूळ कातडीलगत घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांना बसेल, कुत्र्याला नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी गाठ उभी फाडत दोन भाग करा, दोनाचे चार. एकेक भाग कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दातांनी बाहेरच्या टोकाकडून सोडवत आणा. एका बैठकीत सगळ्या गाठी सुटल्याच पाहिजेत असं काही नाही. कुत्रं कंटाळलं की थांबा, उरलेली संध्याकाळी.

गाठ कापावीच लागली तर आधी कंगवा गाठ आणि कातडी यांच्या मधे सरकवा आणि कंगव्याच्या वरून कापा. कंगवा मधे जातच नसेल तर ते काम घरचं नाही. डॉक्टरांकडे किंवा सवयीच्या ग्रूमरकडे मशीनने काढून घ्या. सगळं अंगच एका थराने जखडलं असेल तर तो थर सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याचे हाल. सरळ उतरवा, केस पुन्हा येतात.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरते. पाणी कोमट, कोपर बुडवून बघावं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आंघोळ दुपारी बारा-एकला, ऊन असताना. शाम्पू कुत्र्याचाच. माणसाची त्वचा कुत्र्याच्या त्वचेपेक्षा जास्त आम्लधर्मी असते, आपला शाम्पू त्याची कातडी कोरडी पाडतो. शिकेकाई नको, डोळ्यांत गेली की काय होतं ते आपल्या लहानपणी आपण भोगलंय, आणि शिट्झूचे डोळे तर बाहेर आलेले. फरशी पुसायचं फिनेल, जंतुनाशकाची बाटली, टी ट्री ऑइल यांतलं काहीही आंघोळीच्या पाण्यात टाकू नका. कुत्रं अंग चाटतं, जे अंगावर ते पोटात.

शाम्पू थेट अंगावर ओतला तर एका जागी साचतो आणि धुऊन निघत नाही. मगभर पाण्यात पातळ करून घ्या. बाथरूममध्ये पायाखाली मॅट, कानांत कापसाचे सैल बोळे. मानेपासून मागे भिजवत जा, तोंड शेवटी आणि तेही ओल्या फडक्याने. हात केसांच्या दिशेने, वरून खाली. आपण डोकं धुताना गोल गोल चोळतो तसं चोळलं की विंचरलेलं सगळं पुन्हा गुंतलं. मग स्वच्छ पाणी. निघालं असं वाटलं की आणखी एक बादली. आंघोळीनंतर खाज सुटण्यामागे पुष्कळदा पोटाखाली आणि बगलेत राहिलेला शाम्पू असतो. कंडिशनर लावायचा तो मधून टोकांपर्यंत आणि तोही धुऊन काढायचा.

टॉवेलने घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. एक टॉवेल भिजला की दुसरा. त्यानंतर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, हात सतत हलता, आणि वाऱ्याच्या झोतात आपलाही हात ठेवायचा म्हणजे चटका लागतोय का ते कळतं. चपट्या नाकाची कुत्री लवकर तापतात. धापा टाकायला लागलं तर ड्रायर बंद करून पंखा. वाळवता वाळवता पुन्हा कंगवा, तशाच पट्ट्या सोडत. वरून कोरडं आणि मुळाशी ओलं राहिलं तर आंघोळ न घातलेली बरी. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, झिमझिम आठवडाभर थांबत नाही तेव्हा, मी अख्खी आंघोळ लांबवते. फिरून आल्यावर पाय आणि पोट तेवढं धुऊन कोरडं करते. ओल्या केसांखाली कातडीवर लाल, चिघळलेला चट्टा एका दिवसातही उठतो. तो दिसला तर डॉक्टर, घरचं मलम नाही.

डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिकट घाण रोज उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. डोळ्यांवर येणारे केस मऊ रबराने वर बांधा, पण इतके ओढून नाही की भुवया वर चढतील. रबर काढताना ओढू नका, कापून टाका. डोळा मिचकावत असेल किंवा पांढुरका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. कानांत इअर बड घालू नका. कान उलटून रोज एकदा वास घ्या. आंबूस वास, काळसर मळ किंवा सारखं डोकं झटकणं म्हणजे आत काहीतरी आहे, आणि मग डॉक्टरांनी दिलेलं औषधच घालायचं. खोबरेल तेल घालू नका.

पायांकडे मी सर्वांत जास्त लक्ष देते. माझं घर दोऱ्यांचं. दोरा केसांखाली बोटाला गुंडाळला गेला तर बाहेरून दिसत नाही आणि रक्तपुरवठा बंद होऊन बोट सुजतं. तुमच्या घरी शिवणकाम नसेल, पण संक्रांत तर असते. बंदी असूनही नायलॉनचा मांजा मिळतो, आणि पतंगांचे दिवस संपल्यावरही तो आठवडेच्या आठवडे झुडपांत, गल्लीत पडून असतो. त्यापेक्षा वाईट कुसळ. पाऊस संपून गवत वाळलं की पांडवलेणीच्या पायथ्याला, पाथर्डीकडच्या मोकळ्या प्लॉटांत कुसळी उभी असते. कुसळाची रचना अशी की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. केसांतून कातडीत, बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतं. दिवाळीच्या आगेमागे फिरून आलात की प्रत्येक बेचकं बोटाने उघडून बघा. कुत्रं एकच पाय सारखं चाटत असेल आणि बोटांमधे फोड दिसत असेल तर कुसळ आत गेलंय असं समजा आणि काढायला डॉक्टरांकडे न्या.

तळपायाच्या गाद्यांच्या मधले केस वाढले की पाय फरशीवर घसरतात. गोल टोकाच्या कात्रीने ते गाद्यांच्या पातळीला आणा, कात्री आडवी धरून. बेचक्यात खोल घालू नका. आणि शिलाईची कात्री यासाठी वापरू नका. मी माझ्या कात्रीने घरात कुणाला कागदही कापू देत नाही, कुत्र्याचे केस तर धार लवकर घालवतात. शिवाय तिचं टोक अणकुचीदार.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापायची वेळ झाली. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखात दिसत नाही. तिथे अगदी पातळ काप घेत जा आणि दर कापानंतर नखाचं तोंड बघा. मधे गडद ठिपका दिसला की पुरे. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. पायाच्या आतल्या बाजूला वर जे अंगठ्याचं नख असतं ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. केसांत लपून वाढतं आणि वळून कातडीत रुततं. ते विसरू नका.

केस किती आखूड ठेवायचे? शिट्झू-ल्हासाचे केस वाढतच राहतात, त्यामुळे उन्हाळ्यात बोटाच्या दोन पेरांएवढे ठेवले तर त्यांनाही बरं आणि तुम्हालाही. अगदी कातडीलगत नको, ऊन लागतं. पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस बारा महिने आखूड ठेवा, स्वच्छतेसाठी. तिथे मशीन वापरत असाल तर दहा नंबरचं ब्लेड घ्या आणि ते अधूनमधून मनगटाला लावून बघा, चालता चालता तापतं.

पॉमेरियनची आणि गोल्डन रिट्रीव्हरची गोष्ट निराळी. त्यांना केसांचे दोन थर असतात, खाली मऊ लव आणि वर राठ केस. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दर एप्रिलला म्हणतात, ‘अगं, किती तापतंय, याचे सगळे उतरवून टाकू का?’ आणि मी दर एप्रिलला म्हणते, ‘वहिनी, केस राहू द्या, कूलर लावा.’ हे थर थंडीप्रमाणे उन्हालाही अडवतात. मुळापासून उतरवले तर, विशेषतः पॉमेरियनच्या जातकुळीत, कधी कधी महिनोन्‌महिने नीट परत येत नाहीत, ठिगळं राहतात. त्यांना गळतीच्या दिवसांत खालची लव रोज विंचरून काढून टाकली की वारा कातडीपर्यंत जातो. कात्री फक्त पायांच्या झालरीला आणि बुडाशी.

रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात, गल्लीबोळांत रंग उडतो, तेव्हा कुत्रं घरात. तरी कुणी रंग टाकलाच तर लगेच पाणी ओतू नका. कोरडा रंग आधी झटकून आणि विंचरून काढा, मग कोमट पाणी आणि त्याचा शाम्पू. तेलकट रंग चिकटला असेल तर तेवढे केस कापा. रॉकेल लावायचं नाही. गोचिडींसाठीही नाही, जरी गावाकडे अजून लावतात.

गोचीड कंगवा कातडीपर्यंत नेणाऱ्यालाच सापडते. कानांच्या घडीत, बेचक्यांत, बगलेत बघा. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, पिळू नका, बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. पावसाळ्यात आणि त्यानंतर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलं गोचिडीचं औषध चुकवू नका. घरात मांजर असेल तर औषध घेताना तसं सांगा, कुत्र्याच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. कुत्र्याने खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली तर गोचीड-तापाची शंका धरून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

काम झालं की कंगवा-ब्रशमधले केस काढून दोन्ही शाम्पूच्या पाण्यात धुवा आणि तारा खालच्या बाजूला करून वाळत ठेवा, नाहीतर गादीत पाणी साठून तारा गंजतात. निघालेले केस चिमण्यांच्या घरट्यासाठी गॅलरीत ठेवायची हल्ली हौस आहे. अंगावर गोचिडीचं औषध लावत असाल तर ते केस कचऱ्यातच टाका.